पंख्यासमोरची कुंडी

काटा बिघडलेला नाही? असं कसं म्हणता — एक किलोचं वजन ठेवलं की एक किलो दाखवतो, ते मलाही दिसतंय, पण ही कुंडी ठेवून बघा! कालपेक्षा आज जास्त भरतेय. झाड वाढलं असेल? एवढं? एका रात्रीत? अहो काटेवाले, जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी — शिकवलंय म्हणजे, मी बोलायचो आणि मुलं झोपायची, ते सोडा. प्रयोग अगदी साधा. एक कुंडी सावलीत, एक उन्हात, एक पंख्यासमोर. मातीवर प्लास्टिक घट्ट बांधलेलं, म्हणजे पाणी उडेल ते फक्त पानांतून. रोज सकाळी वजन करायचं — जेवढं घटलं तेवढं उडालं. वाऱ्यात जास्त उडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि माझी पंख्यासमोरचीच कुंडी वजनाला चढतेय! मी तर विद्यापीठाला पत्र लिहायला बसलो होतो — नवा शोध म्हणून. हसा, हसा.

पंखा होय? हा आतल्या खोलीतला, हिच्या उशाशी असायचा. तिथला छताचा पंखा कधीचा जळलाय, बघू बघू म्हणत राहिलो. तरी प्रयोगासाठी हा उचलून आणला, म्हटलं, आठवड्याचाच तर प्रश्न आहे — तेव्हापासून बाईसाहेबांनी अबोला धरलाय. उद्या लेकीकडे निघाल्यात. मला नाही सांगितलं, फोनवर बोलताना ऐकलं. कायमची नाही जाणार… नसावी. बॅग मात्र मोठी काढलीय. लेक म्हणते, बाबा, आईला घामाघूम करून तुम्ही पानांचा घाम मोजताय. आई बोलत नाही, लेक नको तेवढं बोलते — माझं आपलं दोन्हीकडून मरण.

थांबा, मी उचलतो कुंडी — अरेच्चा, हात कशानं ओला झाला? बुडातून पाणी गळतंय! आणि हे प्लास्टिकला भोक… माती कसली, चिखल झालाय नुसता. म्हणजे कुणीतरी — कुणीतरी म्हणजे कोण हो, घरात आम्ही दोघंच. आणि मी पाणी घातलेलं नाही.

पानांनी माना टाकल्या होत्या ना, बघवलं नसेल तिला. मी तिच्या जागी असतो, तर उपटून खिडकीबाहेर फेकलं असतं हे झाड! तिचाच वारा खातंय आणि वर… आणि ती याला पाणी घालते. गाढव आहे हो मी. शिकलेलं गाढव.

नको, काटा खोलू नका आता. त्याला काही झालेलं नाही. या पंख्याला जरा हात लावता? — नको, राहू द्या, मीच नेतो आत. निघा तुम्ही. अगं… ऐकतेस का गं? — तुम्ही नाही हो! तुम्ही जा.