ॲडमिनचे हात

एका व्हिडिओतून मेघनाला हवं होतं ते एकच: नऊ हजार बायकांच्या ऑनलाइन विणकाम ग्रुपचं तिचं ॲडमिनपद टिकावं. नियम तिनेच केलेला, सहा महिन्यांत स्वतः विणतानाचा व्हिडिओ टाकला नाही तर बाहेर. गिरगावच्या पोस्टात पार्सलच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. सोबत खोताच्या वाडीतल्या व्हायोला आँटी.

“आँटी, रागावलात?”

“राग कसला? तुला टाइम नव्हता, म्हणून तुझ्या बांगड्या घालून मी तुझा व्हिडिओ करून दिला. आणि ग्रुपमधून काढलं कुणाला, तर मला!”

“अहो, तुमच्या व्हिडिओतले हात आणि माझ्या व्हिडिओतले हात सेम निघाले ना. अंगठ्यावरचा तीळसुद्धा.”

“निघणारच! दोन्हीकडे माझेच हात.”

“ते मला माहीत आहे. पण बायका म्हणाल्या, ही व्हायोला ॲडमिनचे व्हिडिओ चोरते. चाळीस तक्रारी आल्या.”

“मग खरं सांगायचंस.”

“सांगितलं असतं, तर ग्रुप कुणी सांभाळला असता?”

“पन्नास वर्षं विणते गं मी.”

“म्हणून तर लोकांना माझं काम आवडलं. या पार्सलमधल्या शालीची ऑर्डर लगेच आली. आणखी चार आहेत, कराल ना?”

“करते. आता मला वेगळी ऑर्डर कोण देणार?”

“असं काय बोलता? मी आहे ना तुम्हाला!”

काउंटर आला. पाठवणारी म्हणून मेघनाने स्वतःचं नाव घातलं आणि पर्स चाचपली.

“आँटी, सुट्टे आहेत?”

टपालखर्च व्हायोला आँटींनी भरला.