तीनदा मोजली, तीनदा चुकली

माझा जन्म खाडीकडच्या भातशेतीतला. शाळा चौथीपर्यंत, तीपन मार खाऊन. मग मोजनीखात्यात साखळी ओढायला लागलो, साहेब आकडे लिहिनार नि आपन उन्हात साखळी धरनार, त्यातच केस पिकले. लग्नानंतर सातिवलीला डोंगराच्या उतारावर जागा घेतली. वरच्या अंगाला शेजारी, खाली आम्ही. त्याची जागा वरच्या हद्दीच्या दगडापासून शंभर फूट, नि तिथून आमची. मी म्हटलं, साहेब कशाला, मोजनी तर आपलाच धंदा.

काय सांगू तुम्हाला, उतारावर साखळी भुईला टेकवायची नसते. नकाशातलं अंतर सपाट असतं. थोडं थोडं मोजायचं, खालच्या मानसानं टोक डोक्याएवढं वर धरायचं नि ओळंबा सोडायचा. मला हे ठाऊक होतं, रोज तेच करत होतो. खाली हिरा उभी होती, माझी बायको, सातवा महिना. तिनं टोक वर धरलं. मी ओरडलो, टाक खाली, हात भरून येतील, नकाशा काय फाशी देतो काय? ती म्हनाली, अहो, हापिसच्या मोजनीत तर वर धरता ना? मी म्हटलं, तू गप, साहेबीन! मग भुईवरूनच तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकच जागा. छाती फुगवून तिथवर मागची भिंत घातली, तिथं तिचं सैपाकघर.

हिरा गेली त्याला आता पाच महिने. त्यातच शेजाऱ्याची जागा दुकानाचे गाळे बांधनाऱ्यानं घेतली नि मोजनी आनली. मोजनीवाली म्हंजे नातीएवढी पोरगी, हातात मशीन. म्हनाली, काका, तुमचं सैपाकघर साडेतीन फूट त्यांच्यात आहे. मी म्हटलं, तीनदा मोजलंय बाये, तेव्हा तू जन्मली नव्हतीस! तिनं मशीन वर केलं, खाली केलं, कागदावर तिरकी रेघ नि सपाट रेघ काढली. म्हनाली, उताराचे शंभर ते सपाट साडेशहान्नवच. मी म्हटलं, आनि तीनदा सारखं आलं ते? तर म्हनते, काका, चूक तीच असली तर शंभरदा मोजा, सारखीच येनार, सरासरी काढून ती जात नाही.

मी तिला परत मोजायला लावलं. दोनदा. बोटभर इकडं तिकडं, बस.

लोक म्हनतात अपील करा. कुठल्या तोंडानं? लोकांची कुंपनं हलवताना बाया रडायच्या नि मी सांगायचो, रडून हद्द सरकत नाही. सही करून दिली. पोरीचं काम चोख आहे, देव तिचं भलं करो.

सोमवारी भिंत पाडनार. भांडी, डबे पुढच्या खोलीत आनून ठेवलेत. कुठल्या डब्यात काय, ते मला अजून कळत नाही, एकेक उघडून वास घेत बसतो.