चार घरचा सैपाक

न्हाय गं पोरी, ह्यातलं सगळं ठावं हाय मला — प्रोटीन कशात, फायबर कशात — इचार की, मीनाबाईला काय बी इचार! ह्या बिल्डिंगीत चार घरचा सैपाक करतो मी. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियदर्शनी म्याडमना मोडाची मटकी न् नाचणीची भाकरी, शेजारच्या घरच्या उदयसिंह सायबांस्नी सुगर, त्यांचं गोड मीच लपवून ठेवतो — लिव, तुझ्या कालेजाच्या फारमात लिव. मी काय खातो? सकाळी च्या-बटर. मग... मग तीन वाजता, उरंल ते. काय उरतंय म्हणजे? भात! भात कोण खातंय आता? त्योच उरतोय.

सुगर? मला? न्हाय बा. माझ्या भणीला हाय, कोडोलीला असती. गोळी घिऊन उपाशी ऱ्हायली की घाम फुटतोय तिला, हात कापत्यात — डाक्टर किती येळा म्हणाला, दर दोन-तीन तासानं काय तरी खात जा मीनाबाई —

...

ऐकलंस न्हवं. जाऊ दे. आता तुझ्यापासनं काय लपवू?

सोमवारी पडलो मी. म्याडमच्या वट्यापाशी, चपाती लाटताना — डोळ्यापुढं अंधारीच आली, हात गेला तव्यावर. हे बघ. म्याडम पळत आल्या, काय झालं म्हणाल्या. म्हटलं, फरशी वली हुती, घसरलो. खरं सांगून काय करू? सुगरनं पडणारी बाई ग्यासपाशी कोण ठिवतंय? पलीकडच्या बिल्डिंगीत सैपाक करणाऱ्या बयाबाईला चक्कर आली, तर तिला आराम करा म्हणाले. वरीस झालं, आरामच करत्या. तशा म्याडम चांगल्या हायत हां — मलम लावलं, परवा त्यांचा आहाराचा तक्ता मला बी छापून दिला, येळंवर खात जावा म्हणाल्या. व्हय म्हटलं. ती येळ झाली तवा त्यांचाच मिक्सर फिरवत हुतो!

डबा? आणतो की. ऱ्हातोय तसाच पिशवीत. एका घरातनं भाईर पडायच्या आधी दुसऱ्या घरचा फोन — मधी कुठं बसू, जिन्यात? वाचमन उठवतोय.

ए, काय लिवतीस? नाव? खोड ते. खोड म्हणतो न्हवं! काळं कर, वाचता येतंय अजून —

थांब. फोन.

व्हय म्याडम, खालीच हाय, आलो. आलो आलो... हात? बरा हाय की, कायबी न्हाय हाताला.

ऊठ पोरी, गेटाभाईर जा. वरनं दिसतंय त्यांस्नी.