पिवळ्या रंगाखालचे चार स्क्रू

— नाही हो, मिस्टर प्रॉसर, कुणी हातच लावलेला नाही असं कसं म्हणता तुम्ही? दरवर्षी सर्व्हिसिंग होतं याचं. दरवर्षी म्हणजे दरवर्षी, ऑक्टोबर लागला की, थंडी पडायच्या आत. मी स्वतः चहा करून देते ना त्यांना — तीन चमचे साखर, बशीत आईने केलेला मनुकांचा केक, वर लोण्याचा हा एवढा थर. बॉयलर बसवला तोही त्यांनीच, नऊ वर्षांपूर्वी. बाहेरचं कोणी कधी आलंच नाही. तुम्ही बॉयलर तपासायला कार्डिफहून आलात, तुम्हाला वाटणारच की इथं वर खोऱ्यात सगळा आनंदीआनंद आहे — तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण तुमचा चेहरा... माफ करा. तो टॉर्च जरा खाली धरता का? डोळ्यांवर येतोय माझ्या.

हळू बोलूया का आपण? आई वर झोपलीय. म्हणजे पडलीय. रविवारपासून बॉयलर बंद, घर असं बर्फासारखं, अंगावर दोन स्वेटर, पायाशी गरम पाण्याची पिशवी, आणि डोकं तर काय, नाताळच्या आधीपासून उठलेलंच आहे तिचं. थंडीचं असेल म्हणते. पुन्हा एकदा सांगाल का आकडा? तीन हजार चारशे पन्नास. पाउंड. नाही, ऐकू आलं मला मघाशीच, पण कधी कधी दुसऱ्यांदा विचारलं की कमी होतं ना — बाजारात होतं तसं. नवा बॉयलर एकटा एवढ्याचा नाही हे कळलं, धुराची नळी बदलायची, ती मागच्या गल्लीच्या बाजूला फिरवायची, गॅसचा पाइप जाड लागणार, रेडिएटरमधला गाळ काढायचा, कळलं, सगळं कळलं. पण मी म्हणते, पैसे द्यायचेच कशाला? दहा वर्षांची हमी आहे की कंपनीची! आत्ता कुठे नऊ झालीत. त्यांनीच भरून द्यायला हवं. हो ना? — हो, दरवर्षी सर्व्हिसिंग केलं असेल तरच. केलंयच की. मग झालं तर.

नाव कशाला हवंय तुम्हाला?

तसं नाही, सांगायला काही हरकत नाही, पण माणूस घरचा आहे. एम्लिनकाका. या घरांच्या रांगेत कुणालाही विचारा, गॅसवाला एम्लिन म्हणून. आमच्याकडे आडनावं चारच, त्यांतली दोन तर जोन्सच, मग माणूस ओळखायचा कसा? धंद्यावरून. पलीकडचा पाववाला इव्हान, त्याची बेकरी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते, आता तिथं नखं रंगवून देतात, पण तो मरेपर्यंत पाववालाच राहणार, त्याच्या थडग्यावरही तेच लिहितील. तसे एम्लिनकाका गॅसवाले. आता गॅसवाल्याला कुणी विचारतं का, की बाबा रे, तुझं परवान्याचं कार्ड दाखव? लाज नाही का वाटणार? तुमचं मी दारातच बघितलं, उलटंसुलटं करून बघितलं, फोटोशी चेहरा ताडून बघितला, तुम्हाला रागही आला असेल. पण त्यांचं? ते तर बाबा गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला पुढे होते.

आणि ते करायचे हो सगळं! शनिवारी सकाळी यायचे, मागच्या दाराने, हातात ती लाल पेटी. आईने त्या दिवशी केस धुतलेले असायचे — तसं काही नाही हं त्यात, लोक म्हणतात, लोकांना काय. ते बॉयलरला कान लावायचे, डॉक्टर लावतो तसा, पान्याने दोनदा टकटक करायचे आणि मला हसायचे, ‘पोरी, तुझ्यापेक्षा शांत आहे गं हा!’ मग आई मला केक देऊन चॅपेलमध्ये धाडायची, म्हाताऱ्यांच्या चहाला. परत येईपर्यंत सगळं आटपलेलं असायचं, ते सिंकपाशी हात धूत असायचे. साबण लावून, कोपरापर्यंत. आता सांगा, काही केलंच नाही तर माणूस हात कशाला धुईल?

कुठले स्क्रू?

हे? हो, चारही कोपऱ्यांना आहेत, दिसतायत. त्यांच्यावर रंग आहे. हो. पिवळा, भिंतीचाच. त्यात काय — हं. हं, म्हणजे झाकण काढायचं तर स्क्रू फिरवावेच लागणार, आणि फिरवला की रंगाला तडा जाणार. तुम्ही आत्ता काढलात तो हा एक, याचा कसा टवका उडालाय. आणि हे तीन... अखंड. अंड्याच्या कवचासारखे.

हा रंग मी दिलाय, मिस्टर प्रॉसर. कॉलेज अर्धवट टाकून परत आले त्या वर्षी. काहीतरी करत राहा म्हणाली आई, हात चालू ठेव, म्हणजे डोकं शांत राहील. सहा वर्षं झाली त्याला. मी इथं या स्टुलावर उभी होते, आणि मला अशा बाबतीत फार — मी चिकटपट्टी कापत होते, स्क्रूंवर लावायला, एकेका स्क्रूवर गोल गोल, कारण वाटलं उद्या काकांना उघडायला त्रास नको. तर आई तिथं टेबलाशी बसून म्हणाली, कसला घोळ घालतेस नेरिस, फिरव की ब्रश सरसकट. म्हटलं, अगं पण स्क्रू बसतील ना घट्ट. तर म्हणाली, बसू देत.

बसू देत म्हणाली ती.

तुमच्या फोनवर काय बघताय? परवाना असलेल्या सगळ्या गॅसवाल्यांची नावं असतात त्यात? कुणीही बघू शकतं? मी पण? हे मला माहीतच नव्हतं. प्रिचर्ड. एम्लिन प्रिचर्ड, घर नंबर एकोणीस. दाखवा. — ‘नोंदणी संपली.’ म्हणजे या वर्षीची? तारीख... ही तर तेव्हाची. रंग दिला त्याच वर्षीची. थांबा, मला खुर्ची घेऊ दे.

दर पाच वर्षांनी परीक्षा असते का हो तुम्हाला पुन्हा? नाही, आत्ता आठवलं म्हणून विचारते. त्या सालीच एकदा मी बाहेरून आले तर काका इथं बसले होते, टेबलावर कोपरं टेकून, चेहरा दोन्ही हातांत धरून, आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी आले तशी दोघं चपापली. आई म्हणाली, कांदा झोंबला त्यांच्या डोळ्यांना. ओट्यावर कांदा नव्हता. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलत असणार, तेव्हा सगळ्या घराला एकच विषय होता, मी. तर ते नापास झाले होते! साठीला आलेला माणूस, अख्खा जन्म गॅसवाला, आणि नापास. कुणाला सांगणार? आईला सांगितलं. मग आईनेच ठरवलं असणार की रांगेत कुणाला कळायला नको, एम्लिन यायचा तसाच येईल, पेटी घेऊन, लोक बघतील मागच्या गल्लीतून. बिचाऱ्याची अब्रू राहील. दयाळू आहे हो ती, पहिल्यापासून. दुसऱ्यांच्या बाबतीत.

आणि आता मला म्हणते, तुझ्याकडचे पैसे आहेत ना ते टाक, वसंतापर्यंत मी फेडते. माझे म्हणजे ॲबरिस्टविथला शिकायला जायचे. शिक्षकांच्या कोर्सला जागा मिळालीय मला, या शुक्रवारी खोलीची अनामत भरायचीय, नाहीतर खोली गेली, आणि खोली गेली की जाणंच गेलं. शाळेच्या जेवणघरात ताटं विसळून साठवलेत मी, आणि तुमच्या आकड्यात ते बरोब्बर बसतात, जणू कुणी मापच घेतलं होतं. मी हो म्हटलं होतं! तुम्ही यायच्या आधी, जिना उतरताना, मी हो म्हणून आले होते. कारण आई थंडीत. कारण बॉयलर काय, म्हातारा होतो, मरतो, कुणाचा दोष नाही.

विषारी वायू? कार्बन मोनॉक्साइड? — त्या नळीच्या सांध्यातून, आत, इथं स्वयंपाकघरात? किती दिवस? नाही, तो वायू आला की वाजणारं यंत्र होतं आमच्याकडे, इथंच वर, त्या खिळ्याला. पांढरं, गोल. गेल्या हिवाळ्यात ते वाजायला लागलं. मिस्टर प्रॉसर, मी दचकते. चमचा पडला तरी दचकते, सगळ्यांना माहीत आहे. ते किंचाळलं की मी खिडक्या उघडायची, आईला ओढत अंगणात न्यायची, नाइटगाउनवर. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आईने काकांना बोलावलं. ते आले, यंत्र काढलं, हातात खालीवर केलं आणि म्हणाले, जुनं झालंय हे, उगाच बोंबलतं — या पोरीसारखं. दोघं हसली. मीही हसले! हसले हो मी. खिशात घालून घेऊन गेले ते. नवं आणून देतो म्हणाले. आणि आई मला रात्री म्हणाली, बघ नेरिस, एवढ्याशा आवाजाला तुझी पाचावर धारण बसते, परक्या गावात एकटी कशी राहशील तू? मला ते पटलं. वर्षभर पटत होतं. सप्टेंबरमध्येच जाणार होते मी, पटलं म्हणून राहिले.

म्हणजे तिचं डोकं यानेच. नाताळच्या आधीपासून. माझंही दुखायचं, पण मी बोलले नाही, म्हटलं पुन्हा म्हणतील, आलं हिचं —

जिना वाजला. आई? अगं उतरलीस कशाला, शाल तरी घ्यायचीस. ये, बस. हे मिस्टर प्रॉसर. हो, बॉयलरवर ती धोक्याची लाल चिठ्ठी त्यांनीच लावलीय, गॅस बंद केलाय मुख्य. हात नको लावूस तिला. ते विचारतायत, सर्व्हिसिंग नीट व्हायचं का. मी तर केक घेऊन चॅपेलला असायची, तू असायचीस इथं. तूच सांग.

काय?

ऐकलंत तुम्ही? ‘झाकण काढून, आतून पुसून, पुन्हा लावून. माझ्या डोळ्यांदेखत.’ पुन्हा म्हण, आई. नाही, त्यांच्याकडे बघून नको, माझ्याकडे बघून म्हण. मी बसलेय इथं. म्हण ना — मी चिकटपट्टी कापत होते, तू या खुर्चीत होतीस. आठवतंय? मला आठवतंय. — काय सांगतेस त्यांना? ‘पोरगी नाजूक आहे, तिचं मनावर घेऊ नका’? माझ्या समोर?

...

मिस्टर प्रॉसर, खर्चाच्या अंदाजाचा कागद करा. ठरला तोच आकडा, कमी नका करू. नाव लिहा आईचं, मिसेस ओल्वेन रीस. नाही, माझं नको. माझे पैसे शुक्रवारी ॲबरिस्टविथला जायचेत, ते गेले असंच समजा. ज्यानं नोंदणी नसताना हे केलं त्याचं नावही तुम्हाला कळवावं लागतं ना वर? मग कळवा. एकोणीस नंबर. मी सांगितलं म्हणून सांगा, लपवू नका.

रडू नकोस, आई. खरंच नको. स्वेटर नीट ओढून घे.

तुम्ही निघा आता. पेटी राहिली तुमची, ती घ्या. आम्हाला बोलायचंय — मला बोलायचंय, ती ऐकणार आहे. दार घट्ट लोटून घ्या जाताना, ते आपसूक लागत नाही.