मुनादीबिगर सभा नाई

अबे, माह्या मावशीचं आयक! मी वर्ध्याहून तिच्या गावी गेलतो, त तिच्या गल्लीची मंजूर नाली रद्द कराले ग्रामसभा भरली होती. मावशी थेट सरपंचापुढं.

"मुनादी काऊन नाई केली?"

"ग्रुपवर टाकलं ना, मावशी."

"आमच्या बायाईजवळ मोबाईल हाये काय? डफ वाजवून घरोघरी आयकू येते, तिले मुनादी म्हणतात!"

सरपंच हसला. मावशीनं घरून परात अन् बेलणं आणलं अन् गल्लीभर बडवत निघाली, "आयका हो, आपली नाली चालली!"

म्या म्हटलं, "मावशी, कोणी नाई येत." मागं पाह्यलं, त अख्खी गल्ली!

सारे सभेच्या जागी पोचलो, त सरपंच उठून म्हणते, "मावशी, सभा त संपली."

मावशीनं परात पुन्हा वाजवली. "मुनादी आत्ता झाली, बापू. बस खाली. सभा आता सुरू होते."