‘फ’चा गुलाल

सगळा दोष आमच्या भाषाविज्ञानाच्या सरांचा, हे आधीच सांगतो. ‘प’ म्हणताना तोंडातून वारा कमी सुटतो आणि ‘फ’ म्हणताना जास्त, एवढंच दाखवायचं होतं. त्याला कागदाची पट्टी पुरते. पण त्या दिवशी तपासणीला मोठे साहेब आलेले, पांढऱ्याशुभ्र सफारीत, पहिल्या बाकावर. सरांना छाप पाडायची होती. त्यांनी कागदावर जोतिबाचा गुलाल घेतला आणि मला पुढं बोलावून माझ्या ओठांसमोर धरला.

‘म्हण, प.’

गुलाल जागचा हलला नाही.

‘बघा साहेब, हा अल्पप्राण. आता महाप्राण. म्हण, फ!’

‘सर, समोर पावणं बसल्यात की.’

‘मला शिकवतोस? पोटातनं म्हण!’

म्हटलं. साहेब निवडणूक जिंकल्यासारखे दिसायला लागले.

‘कुणी फुंकलं?’ साहेब ओरडले. सरांनी लगेच माझ्याकडं बोट केलं.

प्राचार्य धावत आले. ‘माफी माग, नाहीतर कॉलेजातनं नाव काढतो.’

‘फुंकलं न्हाय, सर. सांगितलेला उच्चार केला. माफी मागायची तर ज्यांनी म्हणायला लावलं त्यांनी मागावी.’

अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. सर तेवढे खाली बघत हात झटकत होते.

पुढं सरांना बढती मिळाली. माझं कॉलेज त्याच दिवशी कायमचं सुटलं.