आतली सूज

...न्हाई हो भाऊ, उठू नका, बसा निवांत, ह्या बाकड्यावर चौघं मावतेत — माझी सून हाय आत, नंदाबाई, डॉक्टरीणबाईपाशी. ती भाईर आली की तुमचा नंबर. पह्यल्यांदाच आले न? फायल कोरी दिसून राह्यली म्हणून म्हणलं. घाबरू नका. मी दोन वर्सं झाली हसनाबादहून येऊन राह्यलो, दर महिन्याला, पोराच्या गोळ्या न्यायला. एचआयव्हीच्या. घ्या, नाव घेतलं मी, काई झालं का? पह्यले मी बी कोणी गाववाला भेटला की म्हणायचो, डोळे तपासायला आल्तो. लागोपाठ तीन महिने डोळेच तपासले म्हणलं तव्हा संपत न्हावी म्हणला, आबा, आता तरी दिसू राह्यलं का काई?

पोरगा माझा मच्छिंद्र. टरकवर व्हता — इथल्या कारखान्यातल्या लोखंडी सळ्या भरायच्या अन् सुरतेला, इंदोरला न्यायच्या. बिमारी तिकडूनच आणली, दारू बी तिकडूनच. बायकोला बी बिमारी दिली. तिच्या बी गोळ्या चालू हायेत, ती बराबर घेते, शेतात निंदाय-खुरपायला जाते, कोणाला सांगून खरं वाटणार न्हाई. तुम्हाला एक सांगतो भाऊ, आत बी सांगतीलच — गोळी चुकवायची न्हाई. मी अडाणी, घड्याळ कळत न्हाई, मंग आठाच्या आकड्यावर चुन्याचं बोट लावून ठेवलं. बारीक काटा तिथं आला की गोळी. सकाळी बी अन् सांजच्याला बी. पह्यला महिना सोडला तर दोन वर्सात एक गोळी चुकली न्हाई मच्छिंद्रची, एक! डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या व्हत्या, बाबा, तुमच्यावानी माणूस घरोघरी पाह्यजे. त्या दिवशी मी मोंढ्यातून जिलबी घेऊन गेल्तो घरी.

आता? आता वरच्या वार्डात हाय तो. काल भरती केलं. डोळे हळदीवानी, पोट टरारून फुगलं, अन् पाय कसे — काड्या. आज बाईंनी रगताचा कागद पाह्यला अन् म्हणाल्या, बाबा, गोळ्यांनी आपलं काम केलं, विषाणू दाबून टाकला. पण ह्या बिमारीत विषाणू दबला तरी अंग आतून थोडं थोडं सुजलेलंच राहते — लिवर, काळीज, रगताच्या नसा. अन् त्याच्यात दारू पडत राह्यली तर ती सूज उतरत तर न्हाईच, वाढत जाते. ह्याचं लिवर गेल्यात जमा हाय, म्हणाल्या. ह्याच्यापुढं थेंब बी गेला तर दिवाळी दिसणार न्हाई ह्याला.

सूज म्हणलं की भाऊ, मला गालफडाची म्हाईत, बैलाच्या खांद्याची म्हाईत. ती दिसते, बोट दाबलं की खळगा पडतो. आतली कशी पाहावी माणसानं? पोट फुगलं तव्हा मी आंबेहळद उगाळून लेप दिला, महिनाभर, रोज. इटकर तापवून शेकलं. वरून मी शेकून राह्यलो, अन् आतून मीच — ऱ्हाऊ द्या. तुमचं गाव कोणतं म्हणले? तळणी? लई लांब आले. येष्टीनं का जीपनं?

...न्हाई, तसं न्हाई. ‘आतून मीच’ असं म्हणलो, व्हय. तोंडातून गेलं. आता काय लपवायचं, तुम्ही तळणीचे, मी हसनाबादचा, पुन्हा भेट व्हती का न व्हती. पह्यल्या महिन्यात गोळी पोटात ठरायची न्हाई त्याच्या. ओकायचा. मंग थुंकायला लागला. भिंतीकडं तोंड करून म्हणायचा, आबा, मला मरू द्या. मी पाया पडलो पोराच्या, बापानं लेकाच्या पाया पडलो. इथं तर सांगितलं व्हतं, गोळ्या चुकत गेल्या की मंग औषध लागूच पडत न्हाई. तव्हा तो म्हणला, अर्धा गिलास पाजा, मंग घेतो. पाजला. घेतली भाऊ त्यानं गोळी! अन् ठरली बी. मला वाटलं, लहान लेकराला कडू औषधावर गुळाचा खडा देतो, तसंच हे. मंग रोजचंच झालं — गोळी एक, गिलास एक. अर्ध्याचा भरून झाला. मी जन्मात त्या बाटलीला हात लावला न्हाई, माझ्या बापानं लावला न्हाई, अन् दुधाची किटली घेऊन मी देशीच्या दुकानाम्होरं उभा. दुकानवाला भुजंग म्हणला बी, काय रखमाजीबाबा, पिकल्या मिशीला आता चव लागली का? म्हणलं, लागली बाबा. गावात तेच म्हणतेत. म्हणू द्या.

नंदानं दोनदा किटली मोरीत ओतून दिली. म्हणली, मामंजी, हे औषध न्हाई. मी काय म्हणलो तिला? म्हणलो, तू नवऱ्याच्या जिवावर उठली का? असं म्हणलो.

अन् आज — मी काई बोललो न्हाई भाऊ. बिलकुल न्हाई. बाईंनी इचारलं, हा माणूस नळापर्यंत चालत जात न्हाई, मंग ह्याला पाजून कोण राह्यलं? मी नुस्तं नंदाकडं पाह्यलं. कोणी काई इचारलं की आपण बाजूच्याकडं पाह्यतो न, तसं. तर बाईंनी बी तिच्याकडंच पाह्यलं. मला म्हणाल्या, तुम्ही भाईर बसा बाबा, मी जरा हिच्याशी बोलते, जे कोणी पाजते ते माणूस ह्याच्यापासून दूर गेलं पाह्यजे. दूर म्हणजे कुठं? बदनापूरला, तिच्या भावाकडं. तो भाऊ तिला पाणी वरून ओततो, ताटली तिची गोठ्यात ठेवतो. तिथं ती गोळ्या कशा घेणार? लपून? किती दिवस? तिची गोळी चुकली की ती बी —

अन् मी खरं सांगितलं तर मला वर जाऊ देणार न्हाईत. तो माझ्या हातानंच खाते भाऊ, दुसऱ्या कोणाच्या हातानं घास घेत न्हाई. म्हणून... न्हाई, म्हणून न्हाई. भ्यालो. बाईंनी मला चांगला म्हणलं व्हतं न, ते जाईन म्हणून भ्यालो. पाहा, ह्या वयात.

थांबा, दार उघडलं. ये पोरी, बस. बस म्हणतो न. काय इचारलं बाईंनी? ...अन् तू काय म्हणली? ...हो म्हणली? नंदा, तू हो कशाला म्हणली? मीच आणते म्हणली? ...अगं बोल की. रडू नको, बोल.

भाऊ, तुम्हाला पुकारून राह्यले. जा आत. अन् बाईंना म्हणा, भाईर जो म्हातारा बसलाय न, त्यानं — न्हाई. तुम्ही काई म्हणू नका. तुमचं तुम्ही सांगा. जा.